विमानतळाच्या दारापर्यंत

(परदेशी जाणाऱ्या माणसांना पोचवायला लेखक पुन्हा पुन्हा मुंबईच्या विमानतळावर जातो. तेथे पाहिलेल्या गमती, शिकलेल्या गोष्टी आणि स्वतःच्या हातून झालेली एक चूक त्याने या पाठात मोकळेपणाने सांगितली आहे.)

आमच्या तलासरीला रेल्वे स्टेशन नाही. गाडी पकडायची तर डहाणू रोडला जावे लागते, नाही तर हद्द ओलांडून गुजरातमधल्या संजाणला किंवा भिलाडला. अशा गावच्या माणसाने विमानतळाच्या गोष्टी सांगाव्यात, याचे तुम्हांला नवल वाटेल. पण गेल्या दहा वर्षांत मी मुंबईच्या विमानतळावर साठ-सत्तर वेळा तरी गेलो असेन. विमानात मात्र एकदाच बसलो. बाकी प्रत्येक वेळी दाराबाहेरूनच परत फिरलो. मी जातो तो पोचवायला, नाही तर आणायला.

आमच्या भागातले कोणी दुबईला वेल्डर आहे, कोणी रियाधला गाडी चालवतो, कोणी म्हातारपणी उमऱ्याला निघतो. तिकीट हातात आले की लोक म्हणतात, "मास्तरांना दाखवून घ्या." मग ते तिकीट माझ्याकडे येते. मी ते दोनदा वाचतो. थोडा वेळ थांबून तिसऱ्यांदा वाचतो. लोकांना वाटते, मास्तर फार काळजी घेतात. खरी गोष्ट वेगळी आहे. एकदा मी तिकीट एकदाच वाचले होते, त्याची ही आठवण आहे.

ही गोष्ट 2015 सालची. मी नुकताच बी.एड. होऊन शाळेत लागलो होतो. माझे धाकटे मामू उमरगावच्या एका कारखान्यात वेल्डिंगचे काम करत. त्यांना दुबईत नोकरी मिळाली. व्हिसा आला. तिकिटासाठी नानीने आपल्या दोन बांगड्या गहाण ठेवल्या. घरात इंग्रजी वाचणारा मीच. म्हणून तिकीट माझ्या हाती आले. सगळे माझ्याभोवती बसले. तिकिटावर छापले होते: शुक्रवार, 11 डिसेंबर, वेळ 00:45.

मी मोठ्याने वाचले, "शुक्रवारी रात्री पाऊण वाजता."

"म्हणजे शबे जुमा ना, बेटा?" नानीने विचारले.

मला हसू आले. मी म्हणालो, "नाही नानी. शबे जुमा म्हणजे गुरुवारची रात्र. मामूंचे विमान शुक्रवारी रात्री आहे. जुम्याची नमाज गावातच पढू आणि आरामात निघू."

नानी गप्प बसली. शिकलेल्या नातवापुढे ती काय बोलणार?

शुक्रवारी दुपारी आम्ही जीप केली. मामूंना पोचवायला अकरा माणसे निघाली. नानीने मामूंच्या दंडावर इमाम जामिन बांधला. खालाने रव्याच्या लाडवांचा डबा दिला. रात्री साडेनऊला आम्ही विमानतळावर पोचलो. मामू सर्वांच्या गळाभेटी घेऊन दारापाशी गेले. दारावरच्या जवानाने तिकीट पाहिले, पुन्हा पाहिले आणि मामूंच्या तोंडाकडे पाहिले.

"भाईसाहब, हे विमान तर काल रात्रीच गेलं," तो म्हणाला.

मामू माझ्याकडे वळून पाहू लागले. माझ्या पायांखालची जमीन सरकली.

घड्याळात रात्रीचे बारा वाजले की तारीख बदलते, हे मला का माहीत नव्हते? चांगले माहीत होते. वर्गात मी ते शिकवतही होतो. 00:45 म्हणजे दिवस सुरू होऊन पंचेचाळीस मिनिटे झाली. शुक्रवारचे 00:45 म्हणजे गुरुवारी आपण जेवून झोपतो, त्याच रात्रीचे पाऊण. पण "शुक्रवार" आणि "रात्र" हे दोन शब्द मी जोडले आणि तिथेच फसलो. बरोबर होती ती नानी. मगरिब झाली की आपला नवा दिवस सुरू होतो. रमजानचा चांद संध्याकाळी दिसतो आणि त्याच रात्री तरावीह सुरू होते. दुसऱ्या दिवसाची वाट आपण पाहत नाही. त्याच हिशेबाने गुरुवारची रात्र ही जुम्याची रात्र. तिकीटही तेच सांगत होते. कधीही शाळेत न गेलेल्या नानीने तिकीट न पाहता जे ओळखले, ते बी.एड. झालेल्या नातवाला तिकीट वाचूनही कळले नाही.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये कोणी बोलले नाही. मनोरला चहासाठी गाडी थांबली. मी खाली उतरलो नाही. मामू स्वतः माझ्यासाठी चहा घेऊन आले. म्हणाले, "पी. रात्र थंड आहे." दुसरे काहीच म्हणाले नाहीत. त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते, तर बरे वाटले असते.

तिकिटाचे पैसे गेले. दुबईच्या मालकाने मामूंची जागा दुसऱ्याला दिली. मामू पुन्हा उमरगावच्या कारखान्यात जाऊ लागले. बांगड्या सावकाराकडेच राहिल्या.

त्या दिवसापासून मी विमानतळाचा अभ्यास सुरू केला. पोचवायला गेलो की नुसता उभा राहत नसे. फलक वाचत असे, लोकांना विचारत असे, वहीत टिपून ठेवत असे. त्या वहीतल्या काही गोष्टी तुम्हांला सांगतो.

पहिली गोष्ट अर्थातच वेळेची. वेळेच्या सुरुवातीला 00, 01, 02 किंवा 03 असेल, तर तिकिटावरच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी घरातून निघायचे, हे डोक्यात पक्के करावे. आखाती देशांकडे आणि युरोपकडे जाणारी कितीतरी विमाने मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. म्हणून ही चूक करणारा मी एकटा नाही. दारावरचा जवान मला त्या रात्री म्हणाला होता, "असे लोक रोज येतात."

यातली गंमत पुढे कळली. जगातले सगळे वैमानिक आपले काम एकाच जागतिक घड्याळावर करतात. ते भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. आपल्याकडे शुक्रवारचे 00:45 होतात, तेव्हा त्या घड्याळात गुरुवारच्या संध्याकाळचे 19:15 झालेले असतात. म्हणजे मामूंच्या विमानाच्या वैमानिकासाठी तो गुरुवारच होता! दिवस कोणी मगरिबला बदलतो, पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, तिकिटावर मध्यरात्रीला बदलतो. रात्र तीच असते. म्हणून हल्ली मी कोणाला विमानाची वेळ सांगतच नाही. घरातून निघायची वेळ सांगतो. "गुरुवारी असरची नमाज झाली की गाडीत बसा," एवढेच सांगतो. यात चूक व्हायला जागा राहत नाही.

आणखी एक लक्षात ठेवा. पोचण्याची वेळ तिथल्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे आणि सौदी अरेबिया अडीच तास. 00:45 ला निघालेले विमान दुबईला 02:30 ला पोचते असे वाचून एक गृहस्थ मला म्हणाले, "पावणेदोन तासांत दुबई? आम्हांला डहाणूहून चर्चगेटला यापेक्षा जास्त वेळ लागतो!" त्यात दीड तास मिळवा, म्हणजे खरा प्रवास सव्वातीन तासांचा आहे हे कळेल.

दुसरी गोष्ट नावाची. आपण उर्दूत मोहम्मद हे नाव एकाच तऱ्हेने लिहितो. इंग्रजीत मात्र ते चार-पाच तऱ्हांनी लिहिले जाते. कोणी पूर्ण लिहितो, कोणी चारच अक्षरांत आटोपतो. शेख या आडनावाचेही तसेच. पासपोर्टावर एक आणि तिकिटावर दुसरे, असे झाले की खिडकीवर अडते. तिथले लोक आपल्याला ओळखत नाहीत. ते फक्त अक्षरे ओळखतात. म्हणून पासपोर्ट आणि तिकीट शेजारी ठेवून एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचावे. शाळेच्या दाखल्यावर नाव बरोबर लिहून घ्या असे मी पालकांना पुन्हा पुन्हा का सांगतो, ते आता तुमच्या लक्षात येईल.

शाळेवरून आठवले. जो माणूस दहावी झालेला नाही, त्याच्या पासपोर्टावर सहसा एक शेरा असतो. आखाती देशांसह काही देशांत नोकरीसाठी जाताना अशा माणसाला सरकारची वेगळी परवानगी घ्यावी लागते. परदेशात मजुरांची फसवणूक होऊ नये, म्हणून ही अट आहे. दहावी पास झालेल्याला ती लागत नाही. माझे मामू नववीत शाळा सोडून गेले होते. त्यांचे निम्मे हेलपाटे त्या परवानगीसाठी झाले. मार्कांची गोष्ट सोडा. नुसते पास होण्यालाही किती किंमत आहे, हे मी तिथे पाहिले.

तिसरी गोष्ट वाटेची. तलासरीहून विमानतळ सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. नकाशावर हे अंतर अडीच तासांचे दिसते. पण आमचा महामार्ग म्हणजे ट्रकांची नदी आहे. मनोरच्या पुढे कधी कुठे रांग लागेल, सांगता येत नाही. परदेशी जाणाऱ्याने विमान सुटण्याच्या तीन तास आधी विमानतळावर असावे. सामान घेणारी खिडकी साधारण एक तास आधी बंद होते. मग "फक्त पाच मिनिटे उशीर झाला" असे म्हणून काही उपयोग नसतो. म्हणून मी तलासरीच्या माणसाला विमानाच्या सात तास आधी निघायला सांगतो. लोक हसतात. हसू देत. वाट पाहत बसलेला माणूस कंटाळतो, पण त्याचे विमान चुकत नाही.

सामान थोडे असेल, तर रेल्वे बरी. 2013 पासून डहाणू रोडहून चर्चगेटपर्यंत लोकल जाते. तिने अंधेरीला उतरावे. तिथून मेट्रोने मरोळ नाक्याला जावे आणि दुसरी मेट्रो धरावी. तिचे पुढचेच स्टेशन विमानतळाचे टर्मिनल 2. ही दुसरी मेट्रो 2024 च्या ऑक्टोबरात सुरू झाली. तेव्हापासून आमच्या गावच्या पोरांचे रिक्षाचे पैसे वाचतात. मात्र विमान मध्यरात्रीनंतरचे असले, तरी मेट्रोने संध्याकाळीच जाऊन बसावे. ती रात्रभर चालत नाही.

आणि विमानतळ कोणता, हेही आता पाहावे लागते. मुंबईच्या विमानतळालाच दोन टर्मिनल आहेत. एक सांताक्रूझच्या बाजूला, दुसरे सहारला. एकातून दुसऱ्यात पायी जाता येत नाही. त्यात नवी मुंबईचा नवा विमानतळ आला. त्याचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झाले. जुन्या विमानतळाऐवजी नव्यावर पोचलेला माणूस घाम पुसत शहराच्या दुसऱ्या टोकाला धावेल, तोवर विमान आकाशात गेलेले असेल.

चौथी गोष्ट सामानाची, आणि सगळ्यांत जास्त गमती इथेच. आपल्या लोकांचा जीव लोणच्यात. आईने बरणी दिली नाही, तर परदेशी गेलेला मुलगा उपाशी राहील, अशी समजूत. पण परदेशी जाताना हातातल्या पिशवीत शंभर मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतला पातळ पदार्थ नेता येत नाही. तेलाने भरलेले लोणचे तपासणीत अडते. ते नीट बांधून मोठ्या बॅगेत घालावे. सुके खोबरे मात्र मोठ्या बॅगेतही चालत नाही. त्यात तेल फार असते आणि ते पेट घेऊ शकते. आमच्या डहाणूच्या किनाऱ्यावर नारळ पिकतो. त्यामुळे खोबऱ्याच्या वाट्या काढून घेताना बायकांच्या डोळ्यांत पाणी आलेले मी पाहिले आहे. मोबाइलला वीज देणाऱ्या पॉवर बँकेचे याच्या उलट आहे. ती मोठ्या बॅगेत टाकायची नाही, हातातच ठेवायची. तिची बॅटरी कधीकधी पेटते. माणसांमध्ये पेटली तर लगेच विझवता येते. खाली सामानात पेटली, तर तिथे पाहायला कोण असणार?

बॅगेचे वजन घरीच करावे. विमानतळाच्या फरशीवर बॅग उघडून कपडे काढणारी कुटुंबे रोज दिसतात. कोणी एकावर एक तीन सदरे चढवतो. एका गृहस्थांनी तर डिसेंबरात दोन कोट घातले आणि दुबईला गेले! बॅगेच्या मुठीला रंगीत चिंधी बांधावी. पट्ट्यावरून काळ्या बॅगा येऊ लागल्या की शंभरांतल्या ऐंशी सारख्याच दिसतात.

सामानाची एक आठवण मला फार आवडते. जवळच्या पाड्यावरचा एक वारली तरुण एका कार्यक्रमासाठी दिल्लीला निघाला होता. त्याच्याबरोबर तारपा होता. सुकवलेला भोपळा, बांबू आणि ताडाची पाने यांचे हे वाद्य लांबलचक असते. दारावरच्या जवानाने विचारले, "हे काय आहे?" त्या तरुणाला हिंदीत सांगता येईना. त्याने सरळ तारपा तोंडाला लावला आणि दोन सूर काढले. रांगेतली माणसे वळून पाहू लागली. जवान हसला आणि म्हणाला, "समजलं, समजलं. जा." ज्याला भाषा आली नाही, त्याचे काम सुरांनी केले.

बोलण्यावरून आणखी एक सांगतो. बॅगेला जी चिठ्ठी लावतात, तिच्यावर मुंबईसाठी बी, ओ, एम अशी तीन अक्षरे असतात. ती बॉम्बे या जुन्या नावाची. 1995 मध्ये शहराचे नाव मुंबई झाले. 1999 मध्ये विमानतळाला छत्रपती शिवाजी यांचे नाव दिले आणि 2018 मध्ये त्यात महाराज हा शब्द जोडला. पण जगाच्या वहीत ती तीन अक्षरे तशीच राहिली. एकदा एक मुलगा ती अक्षरे जोडून मोठ्याने वाचू लागला, तेव्हा मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. विमानतळावर स्फोटकांची थट्टा चालत नाही. तिथे अशा शब्दाला कोणी हसत नाही. बाजूला घेऊन चौकशी करतात आणि त्यात विमान जाते.

दारातून पुढे काय आहे, हे मला 2023 पर्यंत माहीत नव्हते. त्या वर्षी मी अम्मीला घेऊन उमऱ्याला गेलो. पहिल्यांदा मीही आत शिरलो. 2014 मध्ये सुरू झालेल्या या टर्मिनलचे छत मोराच्या पिसांच्या नक्षीवरून बनवले आहे. भिंतींवर देशभरातून आणलेल्या हजारो जुन्या वस्तू आणि कलाकृती मांडल्या आहेत. अम्मी एका कोरीव लाकडी दरवाज्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "असा दरवाजा आमच्या आजोबांच्या घरी होता." मी म्हणालो, "अम्मी, घोषणा झाली की निघू." शेजारी बसलेले एक अनुभवी गृहस्थ हसून म्हणाले, "मास्तर, इथे प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही. तो फलक बघत राहा." मी पाहिले, तर आमच्या विमानाचे दार बदलले होते! आम्ही दोघे जवळजवळ धावतच निघालो. वाटेत सरकता जिना आला. अम्मी त्यावर पाय ठेवेना. शेवटी एका सफाई कामगार मुलीने तिचा हात धरला आणि आम्हांला लिफ्टपर्यंत नेले. तिने काही विचारले नाही, आम्ही काही मागितले नव्हते. इतकी वर्षे मी लोकांना सल्ले देत होतो, पण आत मीही नवखाच होतो. तेव्हापासून माझ्या यादीत आणखी एक वाक्य आहे: बस स्टँडवर कान उघडे ठेवावेत, विमानतळावर डोळे. आणि कळले नाही, तर विचारावे. विचारणारा माणूस लहान होत नाही.

विमानात बसल्यावर आम्ही बराच वेळ जमिनीवरच होतो. पुढे विमानांची रांग लागली होती. या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. म्हणून एका वेळी एकच वापरता येते. तरीही 2018 मध्ये इथे एका दिवसात हजाराहून जास्त विमाने चढली-उतरली. दिवसाची मिनिटे 1440. तुम्हीच भागाकार करा. दर दीड मिनिटाला एक विमानही पडत नाही, त्याहून कमी वेळ पडतो. जिथे मिनिटांचा असा हिशेब आहे, तिथे आपल्यासाठी कोणी थांबणार कसे? खिडकीतून ती रांग पाहताना मला मामूंची रात्र आठवली. त्या रात्री मला विमान कठोर वाटले होते. ते कठोर नव्हते. ते फक्त वेळेवर होते.

शेजारी अम्मी तसबीह ओढत होती. ती म्हणाली, "आमचे आजोबा जहाजाने हजला गेले होते. बंदरावर निरोप द्यायला सगळे गाव आले होते." मुंबईहून हाजींना नेणारी जहाजे 1995 मध्ये बंद झाली. आता काही तासांत माणूस जेद्दाला उतरतो. प्रवास लहान झाला, पण निरोप लहान झाला नाही. विमानतळाच्या दारापाशी उभे राहून पाहा. ज्याच्याजवळ तिकीट आहे, तोच आत जातो. बाकीचे काचेला नाक लावून उभे राहतात. आतला माणूस वळून हात हलवतो. मग गर्दीत दिसेनासा होतो. तरी घरचे लोक अर्धा तास तिथेच उभे असतात. तो परत येणार नाही हे त्यांना ठाऊक असते. पण पाय निघत नाही.

आता मामूंचे राहिले. पाच महिन्यांनी, 2016 च्या मे महिन्यात, त्यांना पुन्हा नोकरी मिळाली. पुन्हा दुबईच. तिकीट आले, तेव्हा मी मुद्दाम घराबाहेर गेलो. मनात म्हटले, कोणा दुसऱ्याला वाचू दे. संध्याकाळी मामू मला शोधत शाळेच्या मैदानावर आले. त्यांनी खिशातून कागद काढला आणि माझ्या हातात दिला.

"वाच, मास्तर," ते म्हणाले.

"मामू, मी नको. दुसऱ्या कोणाला..."

"तूच वाच. एकदा चुकलेला माणूस नीट वाचतो."

तिकिटावर छापले होते: रविवार, 01:20. माझे हात थरथरत होते. मी तीन वेळा वाचले. मग मामूंना घेऊन नानीकडे गेलो आणि तिला विचारले, "नानी, ही कोणती रात्र?" नानीने बोटांवर हिशेब केला. म्हणाली, "शनिवारी मगरिबनंतर जी येईल ती. इतवारची रात." मी मान हलवली. शनिवारी आम्ही दुपारीच निघालो आणि संध्याकाळी सहाला पोचलो. सात तास आधी! मामू हसून हसून दमले. दारापाशी गळाभेट घेताना मात्र त्यांनी मला जरा जास्त वेळ धरून ठेवले.

मामू अजून दुबईत आहेत. नानीच्या बांगड्या त्यांनी पहिल्याच वर्षी सोडवून आणल्या. ते वाया गेलेले तिकीट मी माझ्या टेबलाच्या खणात जपून ठेवले आहे. दर वर्षी आठवीच्या वर्गात ते घेऊन जातो. फळ्यावर लिहितो: शुक्रवार, 00:45. मग विचारतो, "घरातून कधी निघाल?" अर्ध्याहून अधिक मुले म्हणतात, "शुक्रवारी संध्याकाळी." मी त्यांना रागावत नाही. मला तसा हक्कच नाही.

मागच्या महिन्यात सातवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली. तिचे अब्बा पहिल्यांदाच मस्कतला निघाले होते. तिने तिकीट वहीत उतरवून आणले होते. तारीख मंगळवारची, वेळ 00:20. खाली तिने स्वतः उर्दूत एक ओळ लिहिली होती. सोमवारी जुहरनंतर लगेच निघायचे, असे त्या ओळीत होते.

"सर, बरोबर आहे ना?" तिने विचारले.

मी ते तीन वेळा वाचले.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "आणि अब्बांना सांग, खोबरे घेऊ नका."

स्वाध्याय

1. लेखक विमानतळाच्या दाराबाहेरूनच परत का फिरत असे?
2. तिकीट वाचताना लेखकाची कोणती चूक झाली? नानीचे म्हणणे बरोबर कसे होते?
3. "एकदा चुकलेला माणूस नीट वाचतो." मामू असे का म्हणाले असतील, ते तुमच्या शब्दांत लिहा.
4. एखाद्या विमानाची वेळ "गुरुवार, 02:10" आहे. तुमच्या गावाहून केव्हा निघावे लागेल, त्याचा हिशेब मांडा.
5. तुमच्या घरातील कोणाला तरी निरोप दिल्याचा प्रसंग दहा ओळींत लिहा.